आतल्या आरशात ट्रेलरचं तोंड : जोड-आरसे आणि मागचा कॅमेरा, वर्षभर वापरून

पहिल्यांदा राहायच्या सोयीचा ट्रेलर गाडीला जोडून सीटवर बसले आणि सवयीनं आतल्या आरशात पाहिलं, तर आरशात पांढरी भिंत. मागची काच भरून ट्रेलरचं तोंड. निघायच्या आधी हे शेजारी बसून म्हणाले, "अगं, मागचं काही दिसत नाहीये." म्हटलं, "अहो, मला तरी कुठं दिसतंय?"

गाडी मी चालवते हे आधी सांगून टाकते, कारण ट्रेलरबद्दल ज्याला काही विचारायचं असतं तो दर वेळी यांना विचारतो. हे ट्रेलर जोडतात, पाणी भरतात, दिवे तपासतात आणि मागे घेताना मागं उभं राहून हातवारे करतात. स्टिअरिंग माझ्याकडं. त्यामुळे मागचं दिसत नाही ही अडचण माझी, आणि गेल्या वर्षभरात त्यावर जे जे घेतलं त्याचा हिशोबही माझा.

मापं सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. ट्रेलर ७ मीटर लांब, २.५ मीटर रुंद. गाडी १.९ मीटर. म्हणजे ट्रेलर दोन्ही अंगांनी ३०-३० सेंटिमीटर गाडीच्या बाहेर. माझ्या डोळ्यांपासून ट्रेलरची शेपटी साधारण १० मीटरवर. गाडीचे आरसे बाहेर निघून निघून निघणार किती? त्यांत ट्रेलरची बाजू दिसते, तिच्यावरची नक्षी दिसते, आणि कडेला बोटभर रस्ता. त्या बोटभर रस्त्यावर लेन बदलायची.

म्हणून जोड-आरसे, म्हणजे गाडीच्या आरशांवर बसवून आणखी बाहेर काढायचे जादा आरसे. पहिली जोडी पट्ट्यांची घेतली. रबरी गादीवर बसवलेला आरसा, तो गाडीच्या आरशावर टेकवायचा, पाठीमागून दोन पट्टे आवळायचे, हुक अडकवायचे. पाच मिनिटांत काम. उभ्या गाडीत बसून पाहिलं तर झकास, ट्रेलरच्या शेपटीपर्यंत आणि पलीकडचंही सगळं दिसत होतं. ताशी ६० पर्यंत बरं चाललं. ७० ला काच थरथरायला लागली. ८० ला मागचा ट्रक ट्रक राहिला नाही, करडा डाग झाला. डाग जवळ येतोय की लांबच आहे, काही पत्ता नाही. रात्री एकेका दिव्याची चार-चार दिव्यांची माळ.

पट्टे उन्हात सैल पडायचे ते वेगळंच. दर थांब्यावर हे उतरून आवळायचे. एका लांब उतारावर मोठा ट्रक शेजारून गेला, त्याच्या वाऱ्यानं आरसा गपकन आत वळला आणि मला मागच्या रस्त्याऐवजी माझाच चष्मा दिसायला लागला. पुढचे चार किलोमीटर त्या बाजूनं मी आंधळी. घरी येऊन पट्टे काढले तर रबराच्या गादीखाली बारीक वाळू अडकलेली, आणि गाडीच्या आरशाच्या कवचावर तिनं घासून काढलेला अर्धचंद्र. तो अजून आहे. हे आरसे परत केले. काच वाईट नव्हती, पकड वाईट होती. विकत घेताना मी काचेचा आकार बघितला होता, पकड बघितलीच नव्हती.

दुसरी जोडी शिकंज्याची. वर एक जबडा, खाली दोन, मागं हातानं फिरवायचा जाड स्क्रू. बसवायला प्रत्येकी दहा मिनिटं लागतात आणि पहिल्या दोन वेळा बोटं चिमटतात. पण एकदा बसला की गाडीच्या आरशासकट हलेल तेवढाच हलतो. ताशी ९० ला अजूनही हलकी थरथर आहे, नाही असं नाही, पण मागच्याचा कुठला इंडिकेटर लागलाय ते कळतं. मला तेवढं पुरतं.

आरसा घेताना एक करून बघा. तो आपल्या गाडीवर बसवायचा आणि काचेच्या बाहेरच्या कडेला टिचकी मारायची. काच टिचकीनंतरही थुईथुई नाचत राहिली तर मोठ्या रस्त्यावर ती तेच करणार आहे. आमच्या पहिल्या जोडीची काच टिचकीनंतर मोजून तीन सेकंद नाचायची. दुसरीची एकदा हलते आणि गप्प बसते.

आता काच. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बत्तीस वर्षं शाळेत बहिर्गोल आरसा शिकवला आणि त्याचा स्वतःला उपयोग झाला तो निवृत्तीनंतर. प्रतिमा आभासी, सुलटी व वस्तूपेक्षा लहान. मुलं हे पाठ करायची, मीही पाठच करून घ्यायची. जोड-आरसे सपाट काचेचे मिळतात आणि बहिर्गोल काचेचेही. सपाटात मागची गाडी जेवढी लांब असेल तेवढीच लांब वाटते, पण रस्ता कमी दिसतो. बहिर्गोलात रस्ता भरपूर, पण गाडी लहान दिसते, म्हणून लांब वाटते, आणि तुम्ही लेन बदलायला जाता तेव्हा ती दारात उभी असते. अमेरिकेतल्या गाड्यांच्या, ड्रायव्हरपासून पलीकडच्या बाजूच्या आरशावर तशी सूचना काचेवरच छापलेली असते. वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे, या अर्थाची. तिथल्या नियमात त्या काचेची वक्रता-त्रिज्यासुद्धा ठरवून दिलीय, ८८९ ते १६५१ मिलिमीटर. कुणीतरी बसून हे ठरवलं असणार, याचं मला फार बरं वाटलं.

मग कुठली काच घ्यायची? मी बादल्या मांडल्या.

युरोपात गाडीच्या बाजूच्या आरशांसाठी एक मोजमाप आहे. ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या मागं २० मीटरवर, वाहनाच्या बाजूपासून बाहेरच्या अंगाला ४ मीटर रुंदीचा पट्टा आरशात दिसला पाहिजे. ब्रिटनमधली कॅरॅव्हॅनवाली, म्हणजे असेच राहायचे ट्रेलर ओढणारी मंडळी याच मापानं जोड-आरसे तपासतात. मोकळं मैदान बघून ट्रेलर सरळ उभा केला, टेप धरून २० मीटर मोजले, एक लाल बादली ट्रेलरच्या बाजूच्या रेषेत आणि एक निळी तिच्यापासून ४ मीटर बाहेर. दोन्ही बाजूंना तसंच. दोन्हीकडं सपाट काच लावून सीटवर बसले.

माझ्या बाजूला लाल बादली स्वच्छ, निळीची नुसती कड. जरा मान पुढं केली की निळीही पूर्ण. पलीकडच्या बाजूला लाल बादली दिसली आणि तिच्यानंतर जेमतेम २ मीटर रस्ता. निळीचा पत्ता नाही. आरसा तोच, काच तीच, माप तेच. मग लक्षात आलं की मीच मूर्ख. आरसा म्हणजे खिडकी. खिडकीपासून लांब उभं राहिलं की बाहेरचं कमी दिसतं. माझ्या बाजूचा आरसा डोळ्यांपासून हातभर, पलीकडचा जवळपास दुप्पट लांब. एकाच मापाच्या खिडकीतून पलीकडं निम्माच रस्ता दिसणार. हे मी फळ्यावर किरणाकृती काढून शेकडो मुलांना सांगितलं असेल, आणि स्वतःला कळायला दोन बादल्या लागल्या.

तेव्हा ठरलं ते असं. माझ्या बाजूला सपाट काच आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवायचा लहानसा गोल बहिर्गोल. पलीकडं पूर्ण बहिर्गोल. निळी बादली दोन्हीकडं दिसली. ज्या विक्रेत्याकडून घेतले तो दोन वेगळ्या काचांची जोडी द्यायला तयार नव्हता, म्हणून दोन जोड्या घेऊन एकेक काच उरवावी लागली. उरलेल्या दोन माळ्यावर आहेत. ही या आरशांबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार.

तो खालचा लहान गोल कशाला, तर ट्रेलरच्या चाकासाठी. वळताना ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतून वाट काढतात. गाडी वळून गेली म्हणून आपण निर्धास्त असतो आणि ट्रेलरचं चाक फुटपाथवर चढलेलं असतं. लहान गोलात चाक आणि जमीन जिथं टेकते ती जागा दिसली पाहिजे. माझा असा लावलाय की त्यात दुसरं काही दिसतच नाही. मोठी काच मात्र अशी फिरवायची की आतल्या कडेला ट्रेलरची फक्त चिंचोळी पट्टी दिसेल. बाकी सगळा रस्ता. नवखे लोक अर्ध्या आरशात ट्रेलर ठेवतात. ट्रेलर मागं आहेच, तो जाणार कुठं?

लहानसहान गोष्टी. बऱ्याच गाड्यांत आरशाच्या काचेला आतून गरम करायची सोय असते, जोड-आरशाला नसते, त्यामुळे पहाटे दव पुसायला फडकं हाताशी लागतं. शेजारून गाडी येतेय हे सांगणारा गाडीच्या आरशातला पिवळा दिवा जबड्याखाली झाकला जातो. त्याचं मला दुःख नाही, कारण ट्रेलरचा प्लग सॉकेटमध्ये बसला की आमच्या गाडीत ती यंत्रणा आपणहून बंदच होते. तुमच्या गाडीत काय होतं ते आधी बघून घ्या, नाहीतर दिवा लागला नाही म्हणजे शेजारी कुणी नाही असं समजाल. आणि ट्रेलर सोडला की जोड-आरसे काढायचे. मी हे एकदा विसरले होते आणि पार्किंगमध्ये एका खांबानं आठवण करून दिली.

आरशांना पाचातले चार.

तरी आरशांनी सुटत नाही असा एक तुकडा राहतो. ट्रेलरच्या थेट मागचा. दोन्ही आरसे कितीही बाहेर काढा, शेपटीला चिकटून येणारी मोटारसायकल कुठल्याच आरशात येत नाही. गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवायच्या रुंद दृश्याच्या पारदर्शक भिंगपट्ट्या मिळतात, त्या इथं कामाच्या नाहीत. त्यांतून ट्रेलरचं तोंडच जरा लहान होऊन दिसेल. जुन्या लहान ट्रेलरांना पुढं-मागं समोरासमोर खिडक्या असायच्या, आतले पडदे बांधून ठेवले की आतल्या आरशातून आरपार दिसायचं. आमच्यात मधे कपाट आहे. काही नव्या पिकअपमध्ये कॅमेऱ्यांची चित्रं जोडून ट्रेलर जणू काचेचा आहे असं पडद्यावर दाखवतात. आमची गाडी त्या काळातली नाही. म्हणून कॅमेरा.

बिनवायरचा डिजिटल कॅमेरा घेतला, ७ इंची मॉनिटरसकट. डिजिटल असा आग्रह यासाठी की जुन्या अ‍ॅनालॉग बिनवायरवाल्यांत शेजारच्या कुणाच्याही लहरी घुसतात आणि चित्रावर मुंग्या येतात. डिजिटलचा कॅमेरा आणि मॉनिटर एकमेकांशी जोडी जमवून घेतात, दुसऱ्याचं ऐकत नाहीत. लहरी त्याही २.४ गिगाहर्ट्झच्याच, म्हणजे घरातल्या वायफायच्या. पाण्याधुळीसाठी आयपी ६७ लिहिलंय, आणि पावसात वर्ष काढूनही काचेच्या आत वाफ धरलेली नाही. इथं पैसे वसूल.

ट्रेलरच्या मागच्या भिंतीवर वर मधोमध कॅमेऱ्यासाठी कंपनीनंच पाट बसवून वायर आणून ठेवली होती. यांनी अर्ध्या तासात बसवला. प्लग लावला, गाडी सुरू केली, मॉनिटर काळा. पुन्हा काढला, लावला. काळा. फ्यूज बघितले, ठीक. मल्टिमीटर घेऊन हे शिडीवर, मी खाली, शेजारचे दोघं सल्ले द्यायला. शेवटी अंधारायला लागलं म्हणून मी हेडलाइट लावले आणि मॉनिटरवर शेजारी दिसले. त्या वायरीला वीज मार्कर लाइटच्या, म्हणजे ट्रेलरच्या कडांवरच्या लहान दिव्यांच्या लाइनवरून येते. दिवे लागले तर कॅमेरा लागणार. बऱ्याच ट्रेलरांत असंच असतं म्हणे, पण पुस्तिकेत एक ओळ लिहिली असती तर यांची संध्याकाळ वाचली असती. यांना वायर बदलून घ्यायची होती, मी नको म्हटलं. ट्रेलर घेऊन जाताना दिवसाही दिवे लावलेले बरेच, आपल्याला मागचा दिसतो आणि त्याला आपण दिसतो.

मॉनिटर यांनी डॅशबोर्डवर मधे लावला होता. दोन दिवस मी तिकडं बघितलंच नाही. मागचं बघायचं म्हटलं की माझे डोळे चाळीस वर्षांच्या सवयीनं वर, आतल्या आरशाकडं जातात आणि पांढरी भिंत बघून परत येतात. मग मॉनिटर काढून आतल्या आरशाच्या लगेच खाली घेतला, समोरचा रस्ता अडणार नाही इतपत. त्या दिवसापासून वापरात आला. व्हॅक्यूमची वाटी उन्हात सुटते, म्हणून आता दांड्याला क्लॅम्प. रात्री उजेड अगदी कमी करून ठेवावा लागतो, नाहीतर समोरची काच त्याच्या उजेडानं भरते.

चित्र डावं-उजवं उलटं करायची सोय मेनूत असते, ती आधी बघा. आमचं सरळ होतं, म्हणजे मागं तोंड करून उभ्या माणसाला दिसेल तसं. डावीकडून येणारी गाडी पडद्यावर उजवीकडं. मी पहिल्या दिवशी चुकीच्या बाजूला जागा करून दिली. आरशासारखं उलटं केलं आणि डोकं ठिकाणावर आलं.

आता मुख्य गाऱ्हाणं.

तिसऱ्या की चौथ्या सहलीत मोठ्या रस्त्यावर बराच वेळ कॅमेऱ्यात रस्ता रिकामा. मी खूश. उजव्या लेनमध्ये घ्यावं म्हणून सहज बाजूच्या आरशात पाहिलं तर ट्रेलरच्या कोपऱ्याला खेटून एक ट्रक, त्याचे दिवे आरशात मावत नव्हते. कॅमेऱ्यात अजून रिकामा रस्ता. पुन्हा बघितलं. रिकामा रस्ता, लांब एक झाड, झाडाची सावली. दोन मिनिटांपूर्वीही तेच झाड होतं. चित्र गोठलं होतं.

मॉनिटर बंद पडला असता तर मला कळलं असतं. काळा पडदा खोटं बोलत नाही. पण सिग्नल तुटल्यावर शेवटचं चित्र तसंच ठेवायचं हे ज्यानं ठरवलं त्यानं रिकाम्या रस्त्याचा फोटो माझ्यासमोर टांगून ठेवला, आणि रिकामा रस्ता जिवंत असो की गोठलेला, दिसतो सारखाच. मी कंपनीला लिहिलं की सिग्नल गेला की पडदा काळा करा, निदान कोपऱ्यात लाल खूण द्या. उत्तर आलं, अँटेना तपासा.

अँटेना तपासला. कॅमेरा शेपटीला, त्याचा अँटेना तिथंच, मॉनिटर १० मीटर पुढं, आणि मधे ट्रेलरचा अख्खा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, फ्रीज, कपाटं, आमचा संसार. लहरींनी जायचं कुठून? खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. अँटेनाची लांब वायर वेगळी मिळते, ती घेऊन यांनी ट्रेलरच्या आतून पुढच्या भिंतीपर्यंत आणली आणि अँटेना तोंडावर बाहेर बसवला. तेव्हापासून गोठणं जवळजवळ थांबलंय. जवळजवळ.

त्या 'जवळजवळ'साठी मी कॅमेरा थोडा खाली झुकवला. इतका की पडद्याच्या खालच्या कडेला लेनच्या तुटक पांढऱ्या रेघा दिसल्या पाहिजेत. गाडी चालू असली की त्या पळत राहतात. मी पडद्याकडं बघते तेव्हा आधी रेघा बघते, पळतायत का, आणि मग रस्ता. नाडी बघावी तसं. रेघा थांबलेल्या दिसल्या की तो पडदा माझ्यासाठी बंद. हे करताना लांबचं थोडं कमी दिसायला लागलं, पण लांबचं आरशात आहेच.

कॅमेऱ्याचा खरा फायदा मी धरून चालले होते त्यापेक्षा वेगळाच निघाला. मागून वेगानं येणारा ट्रक किंवा बस. ती शेजारून जायला लागली की तिच्या पुढची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते आणि मग तो तिच्याकडं ओढला जातो. पूर्वी हा झटका बसायचा तेव्हाच कळायचं की कुणीतरी आलंय. आता मागं दिसतं की मोठं वाहन येतंय, बाजूच्या आरशात ते सरकताना दिसतं, आणि मी स्टिअरिंग नीट धरून, पाय जरा हलका करून, लेनच्या दूरच्या अंगाला सरकून तयार असते. हवा तेवढीच असते, पण खांदे आखडत नाहीत. हे तर म्हणाले, "आता तू ट्रक आला की दात खात नाहीस."

रिव्हर्ससाठी मात्र कॅमेऱ्यावर फार भिस्त ठेवू नका. यात मी एक दिवा घालवलाय. झाडाखालच्या जागेत ट्रेलर लावत होते. मागं जमीन मोकळी, पडद्यावर स्वच्छ दिसतेय, हे पाणी आणायला गेलेले. आत्मविश्वासानं मागं घेतला आणि वरून काड्कन आवाज. फांदी. कॅमेरा वर बसतो आणि खाली बघतो, त्याच्या डोक्यावर काय आहे ते त्याला कसं दिसणार? कोपऱ्यातला मार्कर लाइट फुटून खाली आला, तो मात्र पडद्यावर छान दिसला.

दुसरं, चित्र उशिरा येतं. किती उशिरा ते मोजलं. फोनवर स्टॉपवॉच चालू करून तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि मॉनिटर शिडीपाशी नेऊन दुसऱ्या फोननं दोन्हींचा एकत्र फोटो काढला. फोनवर १२.८४, मॉनिटरवर १२.६३. म्हणजे सेकंदाचा साधारण पाचवा भाग. ताशी ९० नं सेकंदाला २५ मीटर, पाचव्या भागात ५ मीटर, असा हिशोब करून हे घाबरले. पण मागची गाडीही त्याच दिशेनं पळत असते. ती माझ्यापेक्षा ताशी १८ नं जास्त धावत असेल तर फरक १ मीटरचा. रस्त्यावर १ मीटरनं काही बिघडत नाही. मागं घेताना बिघडतं. अगदी सावकाश, सेकंदाला अर्धा मीटर घेतलं तरी पडदा १० सेंटिमीटर मागं राहतो, आणि खांब नेमका त्या १० सेंटिमीटरांत असतो.

भिंगही रुंद कोनाचं, त्यात सगळंच लांब दिसतं. पडद्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा येतात त्यांवर जाऊ नका, त्या मोटारीच्या उंचीच्या हिशोबानं आखलेल्या असतात. मी त्या बंद केल्या. ट्रेलरच्या मागं जमिनीवर १, २ आणि ३ मीटरवर चिकटपट्ट्या लावल्या, पडद्यावर त्या जिथं दिसल्या तिथं मॉनिटरच्या कडेला नेलपॉलिशचे तीन ठिपके दिले. हे ठिपके कंपनीच्या रेषांपेक्षा खरे आहेत.

आणि तरी मागं माणूस लागतोच. हे मागं उभे, मी पुढं, फोन चालू ठेवून. पूर्वी हे ट्रेलरच्या बरोबर मागं उभं राहून "येऊ दे, येऊ दे" करायचे आणि मला फक्त आवाज यायचा, हे कुठं आहेत ते कळायचं नाही. आता ठरलंय, मला आरशात तुम्ही दिसला नाहीत की मी थांबणार, मग तुम्ही काहीही ओरडा. पहिले काही दिवस यांना राग यायचा. आता आरशात येऊन उभे राहतात, हात वर करतात, मग मी ब्रेक सोडते. स्टिअरिंग खालून धरते, हात ज्या बाजूला नेते त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते. अडलं की उतरून स्वतः बघून येते. यात कमीपणा काही नाही, बघणारे बघोत.

रात्रीचं दृश्य खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. काळोखात उभ्या ट्रेलरच्या मागं कुत्रं बसलंय का, इतपत दिसतं. चालत्या गाडीत पाऊस असला तर कॅमेऱ्याचे स्वतःचे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे प्रत्येक थेंबावरून परततात आणि पडदाभर पांढरी माशी. रात्री पावसात मी तो पडदा धरतच नाही. ओल्या रस्त्यावर ट्रेलरच्या सपाट पाठीमागं हवा घुमते आणि चाकांचा चिखल वर ओढून घेते, त्यानं भिंग तासाभरात मातकट होतं. लांब दांड्याला मऊ फडकं बांधून ठेवलंय, प्रत्येक थांब्याला पहिलं काम ते.

कॅमेऱ्याला पाचातले तीन. गोठलेलं चित्र सांगायची अक्कल त्यात असती तर साडेचार दिले असते. ज्याला आत्ता एकच गोष्ट घ्यायची असेल त्यानं आधी शिकंज्याचे आरसे घ्यावेत. ट्रेलर गाडीपेक्षा अरुंद आणि बुटका असेल तर यातलं काहीच नको, गाडीचे आरसे नीट लावून निघा.

आम्ही पुढच्या मोसमाआधी वायरचा कॅमेरा बसवणार आहोत. वायर तुटली तर पडदा निळा होतो, तेवढ्यासाठी. यांनी दोरी धरून माप घेतलंय, मॉनिटरपासून शेपटीपर्यंत वळणांसकट १४ मीटर. हिचपाशी, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकतो तिथं, वायरीला एक जोड लागेल, तो ट्रेलर सोडताना दर वेळी काढायचा. तो काढायचा विसरून गाडी पुढं घेतली तर काय होईल, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.